शाळेचं स्वतःचं रेडिओ स्टेशन असू शकतं का? परभणीच्या परिपाठापासून दिल्लीच्या परवान्यापर्यंत

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना. मग सुविचार, दिनविशेष, ठळक बातम्या, बोधकथा आणि शेवटी सामान्य ज्ञानाचे दोन-चार प्रश्न. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी परिपाठाचा हा क्रम सांगता येईल.

आता हाच क्रम रेडिओवाल्याच्या नजरेनं बघा. सुरुवातीची संकेतधून, दिवसाचा विचार, 'आज इतिहासात काय घडलं', बातमीपत्र, गोष्ट आणि श्रोत्यांसाठी प्रश्नमंजूषा. निवेदक विद्यार्थी आणि श्रोतेही विद्यार्थीच. म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळा रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम करतात. फक्त त्याला कुणी रेडिओ म्हणत नाही, आणि तो मैदानाच्या पलीकडे ऐकू जात नाही.

समजा, परभणीच्या जुन्या वस्तीतल्या एखाद्या हायस्कूलच्या मुलांनी ठरवलं की आपला परिपाठ अख्ख्या शहरानं ऐकावा. नानलपेठेत, स्टेशन रोडवर, वसमत रोडच्या नव्या कॉलन्यांमध्ये. तर ते शक्य आहे का? कायदा काय म्हणतो? आणि परिपाठातल्या त्या 'ठळक बातम्यां'चं काय होतं? खरी मेख तिथंच आहे, पण आधी परभणीकडे येऊ.

परभणीला रेडिओ नवा नाही

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. रेडिओच्या बाबतीत तरी परभणीकरांनी हे वाक्य थोडं ताठ मानेनं म्हणायला हरकत नाही. साठच्या दशकापासून परभणीत आकाशवाणीचं केंद्र आहे. मीडियम वेव्हवर १३०५ किलोहर्ट्झ. मराठवाड्यातल्या कित्येक घरांमध्ये शेतीचा सल्ला, भावगीतं आणि श्रुतिका याच केंद्रावरून पोहोचल्या.

मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून लांब जातात, म्हणून एका केंद्रात कितीतरी तालुके बसतात. एफएमचं तसं नसतं. एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते; उंच इमारत किंवा टेकडी आडवी आली की अडखळते. शाळेला मिळू शकतो तो एफएमचाच परवाना, तोही छोट्या ताकदीचा. पण २०११ च्या जनगणनेनुसार परभणी शहराची लोकसंख्या आहे सुमारे ३ लाख ७ हजार, आणि शहर बऱ्यापैकी सपाट जमिनीवर वसलेलं आहे. छोट्या एफएमला याहून सोयीचं शहर कुठलं?

हवा कुणाच्या मालकीची?

आपल्याकडे १९९० च्या दशकापर्यंत प्रसारण म्हणजे सरकारचंच काम होतं. ते गणित बदललं एका क्रिकेट स्पर्धेमुळे. १९९३ मध्ये कोलकात्याच्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलनं हिरो कप भरवला आणि सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन आणि सरकारनं हरकत घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल आला. न्यायालयानं सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी आणि सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली व्हायला हवा. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हो, तेच, पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले.

निकालानंतर खासगी एफएम वाहिन्यांसाठी दार लवकर उघडलं, कारण त्यात लिलावाचा पैसा होता. सामान्य माणसाच्या रेडिओला थांबावं लागलं. २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारनं नामांकित शिक्षणसंस्थांना 'सामुदायिक रेडिओ' काढायची मुभा दिली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' १ फेब्रुवारी २००४ ला सुरू झालं. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४ वर २००५ मध्ये आली, मुंबई विद्यापीठाचं 'रेडिओ मस्ट' १०७.८ वर. नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही परवानगी मिळाली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला २००८ मध्ये सुरू झालेली 'माणदेशी तरंग वाहिनी' हे त्याच धोरणाचं फळ.

यात गंमत अशी की देशातला पहिला सामुदायिक रेडिओ कॅम्पसवर सुरू झाला, तरी पुढच्या वीस वर्षांत त्यावर दिसल्या त्या बहुतेक विद्यापीठं, कॉलेजं आणि संस्था. शाळा फार थोड्या. लखनौच्या सिटी माँटेसरी स्कूलचं 'सीएमएस एफएम' ९०.४ हे त्यातलं ठळक नाव. पण ती शाळा म्हणजे साधीसुधी शाळा नाही. विद्यार्थिसंख्येसाठी तिचं नाव गिनीज बुकात आहे. अनुदानाची आणि शिक्षक भरतीची वाट बघणाऱ्या आपल्या शाळांची तिच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

परवाना कुणाला मिळतो?

विद्यार्थ्यांना नाही, हे पहिलं उत्तर. धोरणानुसार कुठल्याही व्यक्तीला सामुदायिक रेडिओचा परवाना मिळत नाही. राजकीय पक्ष आणि त्यांच्या संलग्न संघटना, तसंच नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थाही बाद. शिक्षणसंस्था मात्र पात्र आहेत. म्हणजे मुलांना स्टेशन हवं असेल तर अर्ज संस्थेनं करायचा, केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. तो 'ब्रॉडकास्ट सेवा' या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. पुढे इरादा पत्र, फ्रिक्वेन्सीची मंजुरी, मग सरकारबरोबर करार. हे सगळं एका शैक्षणिक वर्षात उरकेल असं मुलांना सांगू नका.

मिळतं काय? १०० वॉट ताकदीचा ट्रान्समीटर. भूभाग कसा आहे त्यावर साधारण दहा किलोमीटरच्या आसपासचा टापू. ९०.४, ९०.८, १०७.८ असे तेच तेच आकडे वेगवेगळ्या गावांत दिसतात ते यामुळेच. टापू छोटा असल्यानं एकच फ्रिक्वेन्सी अनेक ठिकाणी वापरता येते. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत आणि शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत असावेत, अशी अट आहे. तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं लागतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अण्णा एफएमला वीस वर्षं झाली तेव्हा सरकारनं सुधारित धोरण आणलं. पूर्वी पाच वर्षांचा असलेला करार दहा वर्षांचा झाला. तासाला ७ मिनिटांऐवजी १२ मिनिटं जाहिराती घेता येतात आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत निम्म्या महिला हव्यात, हीही अट आली. तरी स्टुडिओ, ट्रान्समीटर, मनोरा आणि रोजची वीज यांचा हिशेब लाखांत जातो. ७४ रुपयांच्या दरानं तो भरून निघायला वेळ लागेल, एवढंच म्हणू.

आणि आता ती बातम्यांची मेख

परिपाठात आठवीतली मुलगी उभी राहते आणि सकाळच्या पेपरातून उतरवलेल्या पाच ठळक बातम्या वाचते. कुणाला काही वाटत नाही. उलट मुख्याध्यापक म्हणतात, बाळा, आवाज थोडा मोठा.

तीच मुलगी, त्याच पाच बातम्या, शाळेच्या परवानाधारक एफएमवर वाचू लागली तर नियमभंग होतो.

कारण सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय स्वरूपाच्या चालू घडामोडी देता येत नाहीत. बातम्या द्यायच्याच असतील तर आकाशवाणीच्या द्यायच्या. जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून. हाच निर्बंध खासगी एफएमवरही आहे, म्हणून तुमचा आवडता आरजे हवामान आणि ट्रॅफिक सांगतो, पण विधानसभेत काय झालं ते सांगत नाही. टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्या चोवीस तास ओरडू शकतात, हातातल्या मोबाइलवर कुणीही यूट्यूब चॅनल काढून बातम्या देऊ शकतो, आणि दहा किलोमीटरचा रेडिओ मात्र पेपर वाचून दाखवू शकत नाही. हे तर्कात बसवायचा प्रयत्न अनेकांनी केलाय. मला तरी ते बसत नाही. सुरक्षेचं कारण दिलं जातं. छोट्या स्टेशनांवर लक्ष ठेवणं कठीण, असं सरकारचं म्हणणं.

काही गोष्टी बातम्यांत धरल्या जात नाहीत. त्यांची यादी मुलांच्या कामाची आहे: क्रीडा स्पर्धा, वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि सण, परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअर मार्गदर्शन, नोकरीच्या संधी. शिवाय वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांबद्दलच्या सार्वजनिक सूचना. पण या सूचना 'स्थानिक प्रशासनानं दिलेल्या' असाव्यात.

हे शेवटचे शब्द नीट वाचा. 'उद्या अमुक भागात पाणी येणार' ही महापालिकेची सूचना मुलं देऊ शकतात. 'ठरलेल्या दिवशी पाणी का आलं नाही' हा प्रश्न मात्र कुठल्या बाजूला पडतो ते धूसर आहे. अनेक सामुदायिक केंद्रं असे विषय बातमी म्हणून न घेता चर्चा, नाटुकलं किंवा आजीबाईंची मुलाखत या रूपात घेतात. परवानाही जपला जातो आणि विषयही निघतो. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी रेडिओवर पहिला धडा 'विषयाला वळसा कसा घालायचा' हा घ्यावा का?

भारतानं डिसेंबर १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या १२ व्या आणि १३ व्या कलमात मुलांना स्वतःशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा, माहिती मिळवण्याचा आणि देण्याचा हक्क दिलाय. शाळेच्या मुतारीला दार नाही, एसटीची फेरी बंद झाल्यानं खेड्यातून येणाऱ्या मुलींची शाळा सुटतेय, हे विषय मुलांशी संबंधित नाहीत तर कुणाशी?

बाहेर शाळांचे रेडिओ कसे चालतात?

ज्या देशांत शाळेला परवाना मिळवणं तुलनेनं सोपं होतं, तिथं काय झालं तेही पाहू. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या बेन्सन पॉलिटेक्निक हायस्कूलचं स्टेशन १९२३ मध्ये सुरू झालं, म्हणजे आपल्याकडे मुंबईत नियमित प्रसारण सुरू होण्याच्या चार वर्षं आधी. पुढे त्याचं नाव 'केबीपीएस' झालं. ही शहराच्या मधोमध असलेली, हातानं काम शिकवणारी शाळा. रेडिओ हा तिथं अभ्यासाचाच भाग होता. १९४९ मध्ये इंडियाना राज्यातल्या न्यू ऑल्बनी हायस्कूलनं 'डब्ल्यूएनएएस' हे एफएम सुरू केलं. सिएटलच्या नेथन हेल हायस्कूलचं 'केएनएचसी' १९७१ पासून आहे आणि आज ते डान्स म्युझिकसाठी ओळखलं जातं. शाळेची मुलं शहराला नाचवतात!

या स्टेशनांत विद्यार्थी फक्त माइकसमोर बसत नाहीत. वेळापत्रक, तांत्रिक बाजू, निवेदन यांतही त्यांचा हात असतो आणि पाठीशी एखादा पगारी प्रौढ असतो. स्टेशन चालू राहण्याचं श्रेय बऱ्याचदा त्या प्रौढाला जातं.

परवान्याशिवाय काय करता येईल?

बरंच काही. त्यासाठी आपल्याच शेजारचं उदाहरण आहे. तेलंगणात जहीराबादजवळच्या माचनूर गावात दलित महिलांनी चालवलेला 'संघम रेडिओ' १५ ऑक्टोबर २००८ ला हवेत आला. त्यांचा स्टुडिओ मात्र युनेस्कोच्या मदतीनं १९९८ मध्येच तयार होता. दहा वर्षं परवाना नव्हता. त्या बायका थांबल्या नाहीत. त्यांनी कार्यक्रम रेकॉर्ड केले, कॅसेट भरल्या आणि गावागावात बैठकींमध्ये ऐकवल्या. परवाना हातात पडला तेव्हा त्यांच्याकडे दहा वर्षांचा सराव होता.

शाळेसाठी कॅसेटची जागा आता पेन ड्राइव्हनं घेतलीय. शाळेतला जुना अॅम्प्लिफायर, वर्गावर्गात एकेक छोटा स्पीकर आणि मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं. तारेवरून चालणाऱ्या या रेडिओत लहरीच नाहीत, त्यामुळे प्रसारणाचा परवाना लागत नाही. बातम्यांची बंदीही इथं लागू नाही. छतावर मोठा कर्णा लावू नका; शाळेभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतं. रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. पंखा बंद करा, खिडकीला गोधडी लावा आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाका.

सिनेमाची गाणी शाळेच्या कार्यक्रमात, फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर वाजवायला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तोच कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून इंटरनेटवर टाकला की ती सवलत संपते. तेव्हा शाळेच्या मुलांनीच गायलेलं पारंपरिक गाणं घ्या, ते ऐकायलाही बरं वाटतं.

पॉडकास्टला परवाना लागत नाही. पण तिथं श्रोता कोण? शहरातल्या रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्या मावशीच्या हाताला लागेल ते एफएमचं बटण, पॉडकास्टची लिंक नव्हे. अर्थात, बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएमचं बटणही राहिलेलं नाही. २०२३ मध्ये केंद्रानं मोबाइल कंपन्यांना एफएमची सोय बंद करू नका, असं सांगितलं ते यामुळेच.

तिसरा रस्ता आकाशवाणीचा. २०२० च्या टाळेबंदीत नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम 'प्रथम' संस्था आणि तिथल्या विभागीय प्रशासनानं सुरू केला. मुलांच्या हातात स्मार्टफोन नव्हते, तेव्हा रेडिओ कामी आला. परभणीत केंद्र गावातच आहे. मुलांनी तयार केलेली श्रुतिका घेऊन शिक्षक तिथं गेले, तर बोलणं तरी होईल.

घरी ट्रान्समीटर बनवला तर?

यूट्यूबवर 'एफएम ट्रान्समीटर कसा बनवायचा' असे कितीतरी व्हिडिओ आहेत, म्हणून हे सांगायला हवं. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणानं अगदी स्वस्तात ट्रान्समीटर जुळवला आणि 'राघव एफएम मन्सूरपूर' सुरू केलं. गाणी, हरवल्या-सापडल्याच्या सूचना, आरोग्याच्या गोष्टी. लोकांनी डोक्यावर घेतलं. २००६ मध्ये बातम्या छापून आल्या, जगभर कौतुक झालं आणि त्या कौतुकापाठोपाठ प्रशासनानं स्टेशन बंद पाडलं, कारण परवाना नव्हता. तेव्हा १८८५ चा तार कायदा होता, त्याची जागा आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं घेतलीय. विनापरवाना प्रसारणाला त्यातही शिक्षा आहे. विज्ञान प्रदर्शनातला प्रकल्प म्हणूनही हा उद्योग करू नका.

'विद्यार्थ्यांनी चालवलेलं' म्हणजे नेमकं काय?

कागदावरचं सोडा, एक साधी कसोटी आहे: उद्याच्या कार्यक्रमात काय असावं हे कोण ठरवतं? सरांनी लिहून दिलेलं भाषण मुलांनी वाचलं तर तो मुलांच्या आवाजातला सरांचा रेडिओ. संपादक मंडळात आठवी-नववीची मुलं-मुली, त्यांच्या हातात क्यू शीट आणि सल्ल्याला एक शिक्षक, अशी रचना असेल तर गोष्ट वेगळी. शिक्षकानं ठाम राहायचं ते सुरक्षिततेच्या मुद्द्यांवर. अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करायला पॉक्सो आणि बालन्याय कायद्यानं मनाई आहे. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत मुलांना सांगावी. आवाज शाळेबाहेर जाणार असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी.

भाषेवरून मात्र भांडण होणार, आणि व्हावं. परभणीतला मुलगा घरी 'मी शाळेत जायलो' म्हणतो आणि माइक दिसला की 'मी शाळेत जात आहे' म्हणू लागतो. जुन्या वस्तीतल्या वर्गात दखनी उर्दू बोलणारी मुलं असतात, जिंतूरकडच्या तांड्यांवरून आलेली गोरमाटी बोलणारी असतात. सामुदायिक रेडिओचं धोरण स्वतःच बोलीचा आग्रह धरतं. परिपाठानं पिढ्यान्पिढ्या प्रमाण मराठीचा धरलाय. शहराच्या उरुसाचं वर्णन जर दखनीत झालं आणि गंगाखेडच्या जनाबाईंची गोष्ट गोदाकाठच्या बोलीत, तर ते आकाशवाणीवर आजवर कमीच ऐकलेलं काहीतरी असेल.

राहिला वेळेचा प्रश्न. दहावीची मुलं दिवाळीनंतर सराव परीक्षांत अडकतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाला बसतात. जे स्टेशन दहावीच्या हुशार तुकडीवर उभं असतं, ते निरोप समारंभाबरोबर बंद पडतं. म्हणून ज्या शाळेला हे करायचंय तिनं आठवीपासून मुलं घ्यावीत, दिवाळीच्या सुट्टीआधी नववीकडे माइक सोपवावा आणि स्टुडिओच्या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार ते आधीच वहीत लिहून ठेवावं.